विसावी सुई

मित्रांनो, घाबरू नका, घोड्याची नाल नाही मी. आकार तसा आहे खरा, पण मी लोहचुंबक आहे, आणि चांगला म्हातारा आहे. एके काळी माझ्या अंगावर तांबडा रंग होता. आता तो कोपऱ्याकोपऱ्यातच उरलाय, बाकी सगळा गंज. शिंप्याच्या दुकानात खालच्या खणात, तुटकी बटणं आणि खडूचे तुकडे यांच्या सोबतीला मी पडून असतो. मुद्दाम भेटायला कोणी येत नाही. तुम्ही आलात, तर बसा. गोष्ट गोड नाही, हे आधीच सांगतो. मागाहून तक्रार चालणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. पोलादाची पट्टी लाल होईपर्यंत तापवली, वाकवली आणि पाण्यात बुडवली. मग तारेच्या वेटोळ्यात ठेवून वीज सोडली आणि माझ्या अंगात ओढ आली. समोरच्या बाकावरचा खिळा माझ्याकडे धावत आला, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! शेवटी माझ्या दोन्ही पायांना जोडणारी एक लोखंडी पट्टी लावली. लावणारा कामगार नव्या माणसाला म्हणाला, "ही पट्टी कायम लावून ठेवायची. नाहीतर याची ताकद झिजते. पाडायचा नाही, तापवायचा नाही." किती सोपं होतं पाहा. तीनच गोष्टी.

पहिली काही वर्षं मी एका शाळेत काढली. कागदावर लोखंडाचा कीस पसरायचा, खालून मला फिरवायचं, की पोरं "अय्या!" म्हणून ओरडायची. पुढे शाळेला नवं सामान आलं आणि मी अडगळीत गेलो. शाळेचे गणवेश शिवणारे टेलरमास्तर एकदा मापं घ्यायला आले होते. त्यांच्या दुकानात जमिनीवर टाचण्या सांडायच्या आणि गिऱ्हाइकांच्या पायात घुसायच्या. विज्ञानाच्या बाईंनी मला पुसून त्यांच्या हातात दिलं. "घेऊन जा, इथे धूळ खातोय," म्हणाल्या. अशा रीतीने मी शिंप्याच्या घरी आलो, टाचण्या वेचायला.

दुकानाच्या वर एक खोली होती. रस्त्याकडे एक मोठी खिडकी, लाकडी जिना, भिंतीला टेकवलेली पोती. पोत्यांत कातरण. विजारीच्या कडा, सदऱ्यांचे कोपरे, कोणाच्या लग्नाच्या कोटातून उरलेली बोटभर पट्टी. मास्तरांना फेकवत नव्हतं आणि ठेवायला जागा नव्हती. त्यावर तोडगा काढला सिस्टरांनी.

सिस्टर म्हणजे निवृत्त परिचारिका. चाळीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलेली, ताठ कण्याची बाई. नवरा गेलेला, मुलगा दूरदेशी, घरात बोलायला भिंती. त्या मास्तरांना म्हणाल्या, "तुमचं कातरण द्या आणि वरची खोली द्या. ज्यांच्या अंगावर पांघरूण नाही त्यांच्यासाठी गोधड्या शिवू." मास्तर म्हणाले, "न्या की! माझी पोती तरी रिकामी होतील." झालं, गट सुरू झाला.

गट कसला, चार बाया. एक सिस्टर. दुसऱ्या टायपिस्ट बाई, कचेरीत पस्तीस वर्षं टंकलेखन केलेल्या. कपाळावर चष्मा आणि जिभेवर शिस्त. उरलेल्या दोघी नणंद-भावजय. एकाच घरात राहायच्या, घरी एकमेकींशी धड बोलायच्या नाहीत आणि इथे समोरासमोर बसून दिवसभर वटवट करायच्या. नणंद थट्टेखोर. भावजय मऊ स्वभावाची, कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं की हिच्या डोळ्यांत आधी.

कामाची पद्धत सिस्टरांनी घालून दिली होती. आधी कातरणाचे चौकोन जोडायचे. मग खाली जुनी चादर, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, वर जोडलेलं कापड असं जमिनीवर अंथरायचं. चार बाजूंना चौघींनी बसायचं आणि धावदोरा घालत मध्याकडे सरकायचं. प्रत्येकीला पाच सुया मिळायच्या, सगळ्या आधीच ओवून ठेवलेल्या, म्हणजे दोरा संपला की हात थांबायला नको. चार पंचे वीस. काम संपलं की पत्र्याच्या डबीत वीसच्या वीस परत आल्या पाहिजेत. टायपिस्ट बाई मोठ्याने मोजायच्या, "...अठरा, एकोणीस, वीस. भरल्या!" त्यानंतर माझी पाळी. गोधडीवरून मला या टोकापासून त्या टोकापर्यंत, आधी सुलट मग उलट, ओळीओळीने फिरवायचं. एखादी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कोणाला चहा नाही.

"मी वॉर्डात पाहिलंय," सिस्टर सांगायच्या. "तान्ह्या पोराला काय टोचतंय हे सांगता येत नाही. ते नुसतं रडतं. म्हणून मोजायचं आणि चुंबक फिरवायचा. जीव गेला तरी."

मित्रांनो, ते माझे सुखाचे दिवस होते. एकदा कापडाच्या तीन थरांखालून मी मोडक्या सुईचं नखाएवढं टोक ओढून वर आणलं. सिस्टरांनी मला तळहातावर घेतलं आणि म्हणाल्या, "शाबास रे गड्या!" लोखंडाला लाज वाटत असती, तर मी लाल झालो असतो. अर्थात तेव्हा मी लालच होतो.

मग माझी आबाळ सुरू झाली, तीही कोणाच्या वाईटपणाने नव्हे. खिडकी वाऱ्याने खडखडायची, म्हणून नणंदेने माझ्या पायांची पट्टी काढून फटीत खोचली. "बघ कशी चपखल बसली!" एकदा मी जिन्यावरून पडलो, बारा पायऱ्या, प्रत्येक पायरीवर एक आदळ. भावजयीने उचललं, फुंकर मारली आणि परत ठेवलं. थंडीच्या दिवसांत तर मला इस्त्रीच्या तिवईवर ठेवायचे, कारण तिथे मी पटकन हाताला यायचो. इस्त्री चटका देणारी आणि मी तिच्या कुशीत. महिन्यामहिन्याने माझी ओढ ओसरत गेली. पूर्वी सुई उडी मारून यायची, मग नुसती सरकायला लागली, मग नुसतीच थरथरायला. पण हे पाहतंय कोण? "चुंबक फिरवला का?" "फिरवला." एवढ्यावर सगळ्यांचं समाधान. मी काही उचलतो का, हे एकीनेही विचारलं नाही. आणि मी कसला बोलतोय!

तिकडे सिस्टरांचीही गत माझ्यासारखीच होत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आपल्या पाच सुयांच्या नेढ्यापाशी त्यांनी लाल नखरंगाचा ठिपका लावून घेतला, म्हणजे गोधडीवर सुई ठेवली तर दिसावी. नणंद म्हणाली, "सिस्टर, नखं सोडून सुयांना कसला हो नट्टापट्टा?" त्या हसल्या आणि वेळ निभावून नेली. पण एका दुपारी त्यांची सुई हरवली. चौघी तासभर शोधत होत्या. शेवटी ती त्यांच्याच पदराला अडकलेली निघाली. टायपिस्ट बाई चिडल्या. "सिस्टर, आता पुरे. तुम्ही नुसत्या बसा, गप्पा मारा. सुई राहू द्या."

सिस्टरांनी ती सुई डबीत ठेवली. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येऊन पोत्यापाशी बसल्या. भावजय आली तेव्हा तिला खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला घरी बसवू नका गं. एक वेळ कातरण निवडायला द्या, पण घरी बसवू नका. तिथे मला कोणी नाही." चाळीस वर्षं हुकूम सोडलेली बाई अशी बोलली. भावजयीला ते सोसलं नाही. तिने सगळ्यांना गळ घालून सिस्टरांना त्यांची जागा परत मिळवून दिली. त्या दिवसापासून सिस्टरांच्या सुया ओवायची तीच आणि संपल्यावर गोळा करायचीही तीच.

त्या वर्षी नदी फुगली आणि खालची अख्खी वस्ती वाहून गेली. माणसांना एका बंद कारखान्याच्या गोदामात ठेवलं. वर पत्रा, खाली सिमेंट, आणि थंडी तोंडावर. छावणीच्या व्यवस्थापकाचा निरोप आला, शनिवारपर्यंत तीस गोधड्या हव्यात. चौघी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत शिवायच्या. बोटांना भेगा पडल्या. घाई होती, पण मोजणं कोणी सोडलं नाही, हे मी मान्य करतो.

शुक्रवारी संध्याकाळी सव्विसावी गोधडी संपली. भावजयीने सिस्टरांच्या बाजूच्या सुया गोळा केल्या. चारच होत्या. तिने पदर पाहिला, चटई पाहिली. सिस्टर गोधडीवरून हात फिरवत होत्या, भलत्याच बाजूला. "माझ्या पाच आल्या ना गं?" त्यांनी विचारलं. टायपिस्ट बाई डबी उघडून वाट पाहत होत्या. भावजयीने त्यांच्याकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. तिच्या पर्समध्ये बटणं लावायची एक सुई होती. ती तिने गुपचूप बाकीच्यांत मिसळली.

"आल्या, सिस्टर. पाचही आल्या."

"...एकोणीस, वीस. भरल्या!"

तिच्या मनात काय होतं ते मी ओळखून होतो. आता चुंबक फिरेलच. सुई गोधडीत असली तर चुंबक काढील, आणि म्हातारीची लाजही राहील. तिचा माझ्यावर भरवसा होता हो!

नणंदेने मला उचललं. ती कुठलीतरी गंमत सांगत होती, हात भराभर चालला होता. सिस्टरांच्या कोपऱ्यात, तिसऱ्या ओळीखाली, मला ती सुई जाणवली. आडवी, दोन थरांच्या मध्ये. मी होती नव्हती ती सगळी ताकद लावली. सुई हलली. एक केसभर हलली आणि थांबली. आणि माझ्याखालून गोधडी पुढे निघून गेली. "झालं बाई," नणंद म्हणाली, आणि मला इस्त्रीशेजारी ठेवून दिलं.

दहा दिवसांनी व्यवस्थापक स्वतः आला. खाली टेम्पो उभा होता, त्यात तीसच्या तीस गोधड्या. त्याने खिशातून डॉक्टरांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"चार वर्षांची मुलगी आहे. अंथरुणात गुडघ्यावर उभी राहिली, तर सुई आत गेली. तिथेच मोडली. अर्धी ही. उरलेली काढायला गुडघा चिरावा लागला. त्यात पू झालाय. पाय पूर्वीसारखा वाकेल असं डॉक्टर म्हणत नाहीत." त्याने खिडकीतून खाली टेम्पोकडे बोट केलं. "लोक म्हणतात, नकोत गोधड्या. घ्या परत."

"मग आता ते काय पांघरतात?" भावजयीने विचारलं.

"काय पांघरणार? पोती."

सिस्टरांनी पाकीट उघडलं. ते अर्धं लोखंड खिडकीपाशी नेऊन डोळ्याच्या अगदी जवळ धरलं. नेढ्यापाशी लाल ठिपका होता. त्या म्हणाल्या, "डबी आणा." टायपिस्ट बाई म्हणाल्या, "अहो, मी मोजल्यात, वीस भरल्या होत्या!" तरी डबी ओतली. वीस होत्या. सिस्टरांनी एकेक उचलून पाहिली. लाल ठिपक्याच्या चार.

"ही एकविसावी माझी," त्या म्हणाल्या. "मग डबीतली विसावी कोणाची?"

भावजय पुढे आली. "सिस्टर, मी टाकली. तुम्हाला पुन्हा घरी बसवतील म्हणून. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"माझं वाईट वाटणं वाचवलंस," सिस्टर म्हणाल्या. "आणि त्या पोरीचा गुडघा?"

मित्रांनो, त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच बोलल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "तुला कशाला बोलू? डोळे गेले हे मीच लपवलं." इतक्यात त्यांना मी दिसलो. त्यांनी डबीतली एक सुई टेबलावर ठेवली आणि मला तिच्यावर धरलं. सुई जागची उठली नाही. पुन्हा धरलं. चौघी बघत होत्या, व्यवस्थापक बघत होता, आणि मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "हा तर कधीचाच मेलाय," नणंद पुटपुटली. तिच्या आवाजात त्या दिवशी थट्टा नव्हती.

टायपिस्ट बाई म्हणाल्या, "झालं ते झालं. गट बंद करू. लोक तोंडात शेण घालतील." सिस्टरांनी मान हलवली. "बंद नंतर करा. थंडी थांबणार आहे का आपल्यासाठी? आधी या तपासायच्या."

"कशाने?" मास्तरांनी दारातून विचारलं.

"हाताने."

तीन दिवस चाललं ते. गोधडी अंथरायची, सिस्टरांनी गुडघ्यांवर बसायचं आणि उघड्या तळव्याने बोटाबोटाचा भाग दाबत जायचं. टोचलं तर टोचू दे. ज्या बाईला सुई दिसत नव्हती, तिच्या तळव्याला गाठी कळत होत्या, उसवलेले टाके कळत होते. एकोणीस गोधड्यांत काही निघालं नाही. विसावीत त्यांचा हात झटक्याने मागे आला. तळव्यावर रक्ताचा थेंब. भावजयीने टाके उसवले. आत आणखी एक सुई होती, सबंध.

तिच्यावर लाल ठिपका नव्हता.

"ही कोणाची?" सिस्टरांनी विचारलं. भावजय रडवेली झाली, "मी एकदाच टाकली, शप्पथ." नणंदेने कानावर हात ठेवले. टायपिस्ट बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, पुन्हा काढला.

"माझी," त्या म्हणाल्या. "गुरुवारची. एक कमी भरली तेव्हा मी घरची टाकली. तुम्हाला बोलून चुकले होते ना, सुई राहू द्या म्हणून? आता मोजणारीचीच सुई हरवली, हे कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

मला वाटलं, आता सिस्टर हिला सोडणार नाहीत. त्यांनी रक्त फडक्याला पुसलं आणि पुढची गोधडी ओढली. "बसा. अजून दहा राहिल्यात."

चौथ्या दिवशी टेम्पो गोदामावर गेला. सिस्टर, भावजय आणि मास्तर गेले. मला सिस्टरांनी पिशवीत घेतलं होतं. दारात व्यवस्थापकापुढे आणि जमलेल्या बायांपुढे त्यांनी मला बाहेर काढलं. "याने तपासत होतो. हा सुई उचलत नाही, हे आम्ही पाहिलं नाही. माझे डोळे गेलेत, तेही मी सांगितलं नाही. या वेळी हाताने तपासल्यात. त्यात आणखी एक सुई निघाली. तीही सांगून टाकते."

बाया कुजबुजल्या. कोणी पुढे येईना. "सुई निघाली म्हणते, आणि वर द्यायला आली!" मागून कोणीतरी म्हणालं. मग गर्दीतून एक हडकुळी बाई आली. तिच्या नवऱ्याचं काम हमालीचं, हे मला पुढे कळलं. ती त्या मुलीची आई होती.

"तुमची सुई?" तिने विचारलं.

"माझी," सिस्टर म्हणाल्या.

ती बाई सिस्टरांच्या अगदी पुढ्यात येऊन उभी राहिली. मारील असं मला वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. ती म्हणाली, "माझी आणखी दोन आहेत. सिमेंटवर झोपतात. रात्रभर खोकतात." आणि तिने वरची गोधडी उचलली.

तिने ती जमिनीवर पसरली. आणि मित्रांनो, ती स्वतः तिच्यावर आडवी झाली. आधी पाठ टेकवली, मग कूस, मग पोट. गाल घासला. उघडे दंड, पोटऱ्या, टाचा, सगळं दाबत ती या कडेपासून त्या कडेपर्यंत लोळत गेली. मग उलटी करून पुन्हा. कोणी हसलं नाही. तिचं झालं तशी दुसरी बाई पुढे आली, मग तिसरी. थोड्या वेळाने त्या गोदामाच्या जमिनीवर जिकडेतिकडे आया लोळत होत्या, दात आवळून, सुईची वाट बघत. आयुष्यभर मी 'तपासणी' हा शब्द ऐकत आलो. ती पाहिली मी त्या दिवशी.

शेवटी ती आई एक गोधडी घेऊन कोपऱ्यात गेली. सिस्टर मागोमाग गेल्या. मुलगी पोत्यावर बसली होती. एक पाय प्लास्टरमध्ये, आडवा पसरलेला. गोधडी दिसताच ती भिंतीला सरकली.

"टोचते," ती म्हणाली.

"नाही टोचत गं राणी. बघ, आई झोपली की नाही तिच्यावर?"

मुलीने आईकडे पाहिलं, सिस्टरांकडे पाहिलं. "मग तूच झोप," ती म्हणाली, आणि पोतं अंगावर ओढून घेतलं.

गट बंद पडला नाही. नवा चुंबक आला, आणि आता दर वेळी तो आधी एका सुईवर धरून पाहतात. डबी कमी भरली तर जिची तिने तोंडाने सांगायचं, असा नियम झाला. सिस्टर सुई धरत नाहीत. त्यांनी ती स्वतःच खाली ठेवली. पण त्यांची जागा कोणी घेतली नाही. शेवटचा हात गोधडीवरून त्यांचाच फिरतो. म्हणजे त्या घरी बसल्या नाहीत. एवढं साधं होतं ते. कोणी आधी विचारलं असतं तर!

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारख्याला पाडू नका, तापवू नका, त्याची पट्टी काढू नका. पण त्याहून मोठं मागणं हे की, राखण करायला ठेवलेल्या वस्तूला अधूनमधून विचारा, बाबा रे, तुझ्यात अजून जोर आहे का? आणि माणसाला विचारायचं असेल तर असं विचारा, की "नाही" म्हणायची त्याला भीती वाटू नये. तुमची दया खोट्या मोजदादीत घालू नका. ती कोणाच्या तरी अंगात घुसते.

परवा दुकानात मास्तर शाळेच्या मुलांना शिवून झालेले गणवेश देत होते. त्यात ती मुलगी होती. आता सात वर्षांची आहे, लंगडत चालते. मास्तरांनी तिचा नवा झगा पुढे केला, तेव्हा तिने तो आधी उलटा केला आणि एकेक शिवण बोटांनी चाचपून पाहिली. मागे मुलांची रांग खोळंबली होती. मास्तर म्हणाले, "बघ बाळ, सावकाश बघ," आणि ती सगळी शिवण संपेपर्यंत उभे राहिले.